गाडीचा गंज आणि स्वस्तातला सँडब्लास्टर

सँडब्लास्टर दाबाखालच्या हवेने बारीक कण मारून पत्र्यावरचा गंज आणि जुना रंग उडवतो. चेसीचे कोपरे, बिजागऱ्या, रिमच्या खाचा अशा ग्राइंडर न पोचणाऱ्या जागी त्याचा खरा उपयोग.

सुट्या भागांना कण ओढून घेणारी साधी गन पुरते; चेसीला दाबाची टाकी असलेले यंत्र हवे. मोठा खर्च मात्र कॉम्प्रेसरचा. ३ मिलिमीटरच्या नोझलला ८० पीएसआय दाबावर मिनिटाला सुमारे २० घनफूट हवा लागते. पंक्चरच्या दुकानातला छोटा कॉम्प्रेसर तिथे लगेच दमतो. पैसे वाचवायचे तर ते गनवर वाचवावेत.

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेची वाळू हाताशी असते, पण ती या कामाला अजिबात वापरू नये. वाळू फुटून उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही. तोंडाला बांधलेला गमछा ही धूळ अडवत नाही. त्याऐवजी गार्नेट या खनिजाचे कण घ्यावेत, आणि तरीही बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे शिरस्त्राण वापरावे.

बॉनेट, टपाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो. एकाच जागी मारा झाला की तो फुगतो आणि पुन्हा सरळ होत नाही. तिथे दाब निम्म्यावर आणून, गन तिरपी धरून हात सतत फिरता ठेवावा.

पावसाळ्यात हवेतले पाणी कण गोळा करून नोझल तुंबवते. म्हणून पाणी वेगळे करणारा फिल्टर लावावा, कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज काढावे. उघडा पत्रा त्या दिवसांत काही तासांतच तांबूस होतो, त्यामुळे प्रायमर त्याच दिवशी मारावा.