‘व्हिसा लागत नाही’ म्हणजे नेमकं काय? मॉरिशसच्या निमित्ताने पाहुणा आणि परवाना

मागच्या व्याख्यानानंतर दोघा-तिघांनी मला गाठलं आणि म्हणाले, “सर, तत्त्वज्ञान पुरे झालं, आता काही उपयोगाचं सांगा. आम्ही मॉरिशसला चाललोय.” म्हणून आजचा विषय उपयोगाचा. पण सवय जुनी आहे, त्यामुळे मधूनमधून तत्त्वज्ञान येईल. ते आलं की तेवढा वेळ पाणी पिऊन घ्या.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मॉरिशसचा एक मराठी मुलगा १९८०च्या दशकात शिष्यवृत्तीवर पुण्याला एम.ए. करायला आला होता. विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे कुणीतरी त्याला माझ्याकडे नगरला पाठवलं. मग तो दिवाळीला येऊ लागला. त्याचं मराठी म्हणजे त्याच्या आजीचं मराठी, कोकणी वळणाचं. आमच्याकडून केव्हाच गेलेले शब्द त्याच्या तोंडी होते. तो परत गेला, नोकरीला लागला, आणि दर वर्षी पत्रात एकच वाक्य लिहायचा: गणपतीला या. तिकडे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

मी निवृत्त झालो आणि एका वर्षी ठरवलं, जायचंच. चौकशी केली. सगळे म्हणाले, “मॉरिशसला आपल्याला व्हिसा लागत नाही हो.” मी त्यातून काय ऐकलं? काहीच लागत नाही! मोठ्या उत्साहात मी स्वतःच तिकिटं काढली. मुंबईला विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं माझा पासपोर्ट पाहिला, ठीक. हिचा पाहिला, तिकीट पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला. म्हणाली, “काका, तिकीट दुसऱ्याच कुणाचं तरी आहे.”

झालं होतं असं. आमच्या लग्नात, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, हिचं नाव बदललं. माहेरचं एक, सासरचं एक. पासपोर्ट मात्र काढला तो मॅट्रिकच्या आणि पदवीच्या कागदांवर, म्हणजे माहेरच्या नावानं. आणि मी तिकीट काढलं ते ज्या नावानं चाळीस वर्षं हाक मारली त्या नावानं. घरात ती एकच बाई. कागदावर दोन. आयुष्यभर मी वर्गात विचारत आलो, की जहाजाची एकेक फळी बदलत गेली तर ते जहाज तेच राहतं का. आणि माझ्या घरातलं जहाज मला ओळखता आलं नाही. ही मला एवढंच म्हणाली, “अहो, मला विचारायचं तरी.”

दुरुस्ती होईपर्यंत विमान गेलं. गणपती गेले. पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं. पुढच्या वर्षी गेलो, पण तोवर तो मुलगा राहिला नव्हता. हृदयविकार. आम्ही त्याच्या आईला भेटायला गेलो.

म्हणून सांगतो, ही माहिती कोरडी वाटते, पण कोरडी नाही. आता नीट पाहू.

पहिला फरक मनात पक्का करा. व्हिसा आणि प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा म्हणजे ‘आमच्या दारापर्यंत यायला हरकत नाही’ हे आधी दिलेलं मत. प्रवेश म्हणजे दार उघडणं. दार उघडणारा माणूस तिथल्या विमानतळावर बसलेला असतो आणि निर्णय त्याचा असतो. ‘व्हिसा लागत नाही’ याचा अर्थ फक्त एवढाच, की आधीची एक पायरी माफ आहे. दाराशी प्रश्न विचारले जाणारच.

मॉरिशसच्या दाराशी ते काय बघतात? वैध पासपोर्ट. परतीचं किंवा पुढच्या देशाचं पक्कं तिकीट. राहण्याची जागा ठरलेली आहे याचा पुरावा: हॉटेल असेल तर आरक्षण, कुणाच्या घरी असाल तर त्या घरमालकाचं पत्र आणि पत्ता. तेवढे दिवस राहण्यापुरते पैसे. आणि प्रवासाआधी ऑनलाइन भरायचा एक फॉर्म, ज्याला ते ‘ऑल-इन-वन’ म्हणतात. पीतज्वराची साथ असलेल्या देशातून जात असाल तर लशीचा दाखलाही. शिक्का मारताना अधिकारी किती दिवस देतो ते तिथंच उभं राहून वाचा. शेजाऱ्याला मागच्या वर्षी किती मिळाले होते, ते तुमच्या कामाचं नाही.

आता दुसरा गैरसमज. “बेटाचा देश म्हणजे सोपं.” तसं अजिबात नाही. मालदीवमध्ये पर्यटकाला उतरल्यावर तीस दिवसांचा परवाना विनामूल्य मिळतो, पण प्रवासाआधी ऑनलाइन निवेदन भरावं लागतं. श्रीलंकेला निघण्यापूर्वी इलेक्ट्रॉनिक परवानगी घ्यायची असते. बाली म्हणजे इंडोनेशिया. तिथं उतरल्यावर पैसे भरून तीस दिवसांचा व्हिसा मिळतो, तो एकदा वाढवता येतो. सिंगापूरला आपल्याला आधी व्हिसा हवा, आणि शिवाय पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरायचं. आणि ब्रिटन, जपान हीसुद्धा बेटंच की! तिथं रीतसर अर्ज, बँकेची कागदपत्रं, सगळं आलं. हे नियम बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवर आलेला फॉरवर्ड हा प्रमाण नव्हे. आपल्या परंपरेत शब्दप्रमाण मानतात खरं, पण तो शब्द आप्ताचा असावा लागतो. ज्याला विषयाचं यथार्थ ज्ञान आहे तो आप्त. गटातला ॲडमिन आप्त असेलच असं नाही.

तिसरी गोष्ट. मला त्या काउंटरवरच्या मुलीचा राग आला होता. वाटलं, देश जाऊ देतोय तर ही कोण अडवणारी? नंतर कळलं. कागद पुरे नसलेला प्रवासी तिकडे उतरला आणि त्याला नाकारलं, तर त्याला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचे नियमच तसे आहेत. म्हणून परदेशाची पहिली वेस मुंबईतच, त्या काउंटरवर असते. ती मुलगी तिचं काम करत होती. चुकलो होतो मी.

आता थोडं तत्त्वज्ञान. पाणी प्या.

१९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं तेरावं कलम सांगतं, की प्रत्येकाला कोणताही देश सोडून जाण्याचा आणि स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क आहे. आपल्याकडे १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा, म्हणजे एकविसाव्या कलमाचा भाग आहे. तोवर पासपोर्ट देणं न देणं सरकारच्या मर्जीवर होतं. त्या निकालानंतर त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. पुढे १९७८च्या मनेका गांधी खटल्याने हा हक्क आणखी भक्कम केला.

पण नीट बघा. निघण्याचा हक्क आहे. परतण्याचा हक्क आहे. दुसऱ्याच्या देशात शिरण्याचा हक्क मात्र कुठंच लिहिलेला नाही. म्हणजे घराबाहेर पडायला कुणी अडवू शकत नाही, पण कुठल्या घरात घेतील याची हमी नाही. या फटीत व्हिसा बसतो.

ही फट इमॅन्युएल कांटला दिसली होती. १७९५ साली त्याने चिरंतन शांततेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो, पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे. माणसं अनंत अंतरावर पांगू शकत नाहीत, त्यांना एकमेकांना सहन करावंच लागणार. म्हणून परक्याला एक हक्क आहे: तो शांतपणे आला तर त्याला शत्रूसारखं वागवू नये. पण हा भेटीचा हक्क आहे, मुक्कामाचा नाही. यजमान नकार देऊ शकतो, फक्त त्या नकाराने पाहुण्याचा जीव जाता कामा नये.

आपल्याकडे अतिथी शब्दाची फोड करतात: ज्याला तिथी नाही तो. न सांगता येणारा. व्हिसा बरोबर उलटा आहे. तिथी सांगा, परतीची तिथी सांगा, मग या. पूर्वी मला यात माणुसकी कमी झाल्यासारखी वाटायची. मॉरिशस पाहिल्यावर तितकं वाटत नाही.

कारण त्या बेटाचा इतिहास न विचारता आलेल्या पाहुण्यांचा आहे. १५९८ साली डच उतरले, त्यांनी आपल्या राजपुत्राच्या नावावरून बेटाला नाव दिलं. तिथं डोडो नावाचा न उडणारा पक्षी होता. माणसं आली, बरोबर डुकरं, उंदीर, माकडं आली, आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. म्हणून सांगतो, बॅगेतून तुळशीचं रोप, बियाणं, उसाचं कांडं नेऊ नका. वनस्पतींना तिथं परवाना लागतो. बेटावर एक कीड सुटली तर तिला पळून जायला जागा नसते, आणि पिकालाही.

डचांनंतर फ्रेंच आले, मग ब्रिटिश. आणि २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून ३६ भारतीय मजूर उतरले. त्यानंतर १९२०पर्यंत जवळजवळ पाच लाख आले, ऊसमळ्यांवर करारावर राबायला. त्यात मुंबईहून चढलेले आपले कोकणातले लोकही होते. ते जिथं उतरायचे ते ठिकाण पोर्ट लुईमध्ये आहे, आप्रवासी घाट. २००६ साली ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. तिथं सोळा दगडी पायऱ्या आहेत. आम्ही त्या चढलो.

त्या मजुरांना व्हिसा नव्हता. क्रमांक होता. प्रत्येकाची नोंद, नाव, बापाचं नाव, गाव, अंगावरच्या खुणा. पुढं त्यांच्या ओळखपत्रावर फोटोही आला, आणि ते पत्र जवळ नसेल तर पोलीस धरत. त्या मुलाच्या आईनं मला एक कागद दाखवला, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या जुन्या दप्तरातून मिळवलेली नक्कल. तिच्या सासऱ्यांच्या आजोबांचा क्रमांक आणि नाव. नाव लिहिणाऱ्यानं कानाला आलं तसं लिहिलेलं, वाचून पत्ता लागेना. पण पिढ्यान्‌पिढ्या तेच चुकीचं स्पेलिंग त्या घराचं आडनाव झालं. हिनं तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ ठेवला. नंतर म्हणाली, “माझं तिकीट तरी वर्षभरात दुरुस्त झालं.”

आपल्या नगरचंच बघा. निजामशाही ज्याने सांभाळली तो मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, समुद्र ओलांडून दख्खनला आला, १६२६ साली इथंच वारला. त्याला कुणी विचारलं नव्हतं, कधी परतणार. मजुरांना परतीची आशा होती, पण बहुतेकांची ती पुरी झाली नाही. आणि आपल्याला अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, परतीचं तिकीट आहे का? मला आता तो प्रश्न अपमानाचा वाटत नाही. ज्याला परतता येतं तोच पाहुणा.

आम्हालाही विचारलं त्यानं, कुणाकडे चाललात? मी सांगितलं, विद्यार्थ्याकडे. तो आता नाही, त्याच्या आईकडे. तिचं पत्र पुढं केलं. त्यानं वाचलं, शिक्का मारला, आणि काही न बोलता हिच्याकडे पाहून हात जोडले.

आता तुमचे दोन प्रश्न आलेत.

“पासपोर्टवर जन्मस्थळ अहमदनगर आहे, जिल्हा आता अहिल्यानगर झाला. बदलावा लागेल का?” नाव २०२४ साली बदललं. त्यामुळे जुना पासपोर्ट बाद होत नाही. त्यावरच्या तारखेपर्यंत तो चालतो. फॉर्म भरताना मात्र पासपोर्टवर जे छापलंय तेच अक्षर न अक्षर लिहा. नूतनीकरणाच्या वेळी पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाकडून, ज्याच्या अखत्यारीत आपला जिल्हा येतो, विचारून घ्या.

“औषधं आणि फराळ नेता येतो का?” औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांची आधी चौकशी करा. फराळात एक धोका: सिंगापूरला खसखस चालत नाही, ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. म्हणजे अनारसे घरीच खाऊन निघा.

शेवटी एक काम देतो. आज घरी गेल्यावर पासपोर्ट काढा आणि त्यावरचं नाव मोठ्यानं वाचा. घरातल्या बायकांचं आधी. तिकीट त्या नावानं काढा. आणि कुणी ‘या’ म्हणत असेल, तर फार वर्षं लावू नका.