डॉ. विल्यम हिंटन : गुणवत्ता असूनही दाराबाहेर

अमेरिकेतील शिकागो शहरात १८८३ साली विल्यम ऑगस्टस हिंटन यांचा जन्म झाला. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. मुलगा हुशार निघाला, १९०५ साली हार्वर्ड विद्यापीठाचा पदवीधर झाला. पण डॉक्टरकी शिकायला पैसा कुठला? म्हणून चार वर्षे मास्तरकी केली आणि १९०९ साली हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजात नाव घातले.

तेथे कृष्णवर्णीयांसाठी राखीव असलेली शिष्यवृत्ती त्यांना देऊ केली गेली. त्यांनी ती नाकारली आणि सर्वांना खुली असलेली शिष्यवृत्ती स्पर्धेत उतरून दोनदा मिळवली. हे वाचून कोणी लगेच म्हणेल, बघा, त्यांना सवलत नको होती! अशांनी पुढचे वाचावे. १९१२ साली ते सन्मानपूर्वक डॉक्टर झाले. शस्त्रक्रिया शिकायची होती, पण वर्णामुळे बोस्टनच्या इस्पितळांत त्यांना उमेदवारी मिळाली नाही. गुणवत्ता दाखवली, तरी दार बंदच!

मग ते प्रयोगशाळेकडे वळले. उपदंश, म्हणजे आपण ज्याला गरमी म्हणतो, तो रोग असल्याचा संशय असलेल्या मृतांची शवचिकित्सा करण्याचे काम त्यांनी पगाराशिवाय केले. या विषयावर घरात बोलायला आपण कचरतो; तेव्हाही तसेच होते. त्या काळची रक्ततपासणी किचकट होती आणि निरोगी माणसालाही कधी कधी रोगी ठरवीत असे. मग त्या बिचाऱ्याला सोमल, पारा असली विषारी औषधे घ्यावी लागत. शिवाय संसारात संशय शिरे तो वेगळाच. हिंटन यांनी १९२७ साली सोपी आणि अधिक भरवशाची चाचणी तयार केली. ती 'हिंटन चाचणी' म्हणून ओळखली जाते. १९३६ साली त्यांनी या रोगावर ग्रंथ लिहिला. हा रोग वंशामुळे नव्हे, तर दारिद्र्य आणि हलाखीमुळे फैलावतो, असे त्यांचे ठाम मत होते.

पण मला या माणसाचे मोठेपण दुसऱ्याच ठिकाणी दिसते. १९३१ साली, मंदीच्या ऐन दिवसांत, त्यांनी बोस्टन डिस्पेन्सरी या दवाखान्यात गरीब मुलींना रक्ततपासणीचे काम शिकवायला सुरुवात केली. शिकून तयार झालेल्या मुलींना इस्पितळांत नोकऱ्या मिळू लागल्या. एका पगारावर किती घरे तरली असतील, याचा हिशेब कारकुनी करणाऱ्याला सांगावा लागत नाही.

हार्वर्डमध्ये ते १९१८ पासून शिकवीत होते. प्राध्यापक ही पदवी मात्र १९४९ साली मिळाली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. हार्वर्डचे ते पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक. पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले! दरम्यान १९४० साली मोटार अपघातात त्यांचा एक पाय गेला होता, पण काम थांबले नव्हते.

१९५९ साली त्यांचे निधन झाले. जन्मभराच्या बचतीतले पंचाहत्तर हजार डॉलर त्यांनी आईवडिलांच्या स्मरणार्थ हार्वर्डच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी ठेवले होते.