बिलाबाहेरचा पगार

अमेरिकेत मुलाकडे गेलेले आईबाबा पहिल्यांदा हॉटेलात जेवतात आणि बिलाखालच्या त्या रिकाम्या ओळीपाशी थबकतात. जेवणाचे पैसे दिले, कर भरला, मग हे आणखी वीस टक्के कशाचे? उत्तर कळलं की थक्क व्हायला होतं. ती ओळ बक्षिसीची नाहीच, वाढणाऱ्याच्या पगाराची आहे.

तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर. पण ज्याला नेहमी टिप मिळते, त्याला मालकाने पदरचे २.१३ डॉलर दिले तरी चालतं. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही! उरलेले ५.१२ गिऱ्हाइकांकडून येतील, असं कायद्यानेच धरलंय. कमी पडले तर भर मालकाने घालायची. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मालकांना ही मुभा नाही, तरी टिपची रीत तिथेही आहेच.

म्हणजे एका माणसाची रोजची कमाई परकी माणसं ठरवतात, कुणाची सक्ती नसताना, आणि त्यांतली कितीतरी पुन्हा त्या दारात यायचीही नसतात! बरं, ती ठरते कशावर? चांगल्या सेवेवर म्हणावं, तर कॉर्नेल विद्यापीठाच्या मायकल लिन यांना सेवेचा दर्जा आणि टिप यांचा संबंध अगदी पुसट दिसला. २००२ साली प्रसिद्ध झालेला न्यू जर्सीतला एक प्रयोग तर भन्नाट आहे. बिलाबरोबर चॉकलेट दिलं नाही, तेव्हा टिप सुमारे १९ टक्के पडली. मग वेट्रेसने एकेक चॉकलेट दिलं, जायला वळली, आणि आठवल्यासारखं करून मागे फिरून आणखी एकेक दिलं. टिप २३ टक्क्यांवर गेली! दोन्ही एकदम दिली तेव्हा एवढी वाढली नव्हती.

तेव्हा द्यायचं किती, हे सेवेला गुण देत ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं. टेबलावर कुणी वाढत असेल तर कर सोडून उरलेल्या रकमेवर १५ ते २० टक्के द्यावेत. काउंटरवरून स्वतः कॉफी उचलली, तर पडद्यावर टिपचे आकडे आले तरी संकोच नको. तिथे नाही म्हटलेलं चालतं. मुक्कामाच्या हॉटेलात खोली आवरणाऱ्या बाईंसाठी मात्र दोन-चार डॉलर रोजच्या रोज ठेवावेत, सोबत ‘तुमच्यासाठी’ अशी चिठ्ठी. निघताना एकदम ठेवले, तर त्या दिवशी ड्युटीवर दुसरंच कुणी असू शकतं.