शेजाऱ्याचे उत्तर

वर्गात शेजाऱ्याशी बोलणे हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या छडीस पात्र असा गुन्हा गणला गेला असल्यामुळे, हार्वर्ड विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ साली भर तासात विद्यार्थ्यांना आपसांत वाद घालण्याची मुभा दिली, हे ऐकून पुष्कळांच्या भुवया उंचावतात. त्यांच्या पद्धतीत संकल्पनेची कसोटी पाहणारा प्रश्न विचारला जातो. प्रत्येकाने एकट्याने विचार करून ‘क्लिकर’ नामक छोट्या यंत्राची कळ दाबून मत नोंदवायचे, शेजाऱ्यास ते पटवून द्यायचे आणि मग पुन्हा मत द्यायचे.

यावरून यंत्रच शिकवते असा समज होतो, तो निराधार आहे. कॅनडातील एका महाविद्यालयात क्लिकर आणि मत दाखवण्यासाठी उंचावायची साधी पुठ्ठ्याची कार्डे यांची तुलना झाली (२००८), तेव्हा विद्यार्थ्यांच्या आकलनात लक्षणीय तफावत आढळली नाही. यंत्राचा उपयोग मतपेटीइतकाच : हुशाराचा हात पाहून आपला हात वर करण्याची सोय ते बुजऱ्यास ठेवीत नाही, आणि निकाल तत्काळ शिक्षकापुढे येतो.

ज्यांना स्वतःलाच उत्तर ठाऊक नाही ते एकमेकांस काय शिकवणार, आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हा आक्षेप मात्र अधिक वजनदार आहे; आणि त्याची झडती कोलोरॅडो विद्यापीठातील अनुवंशशास्त्राच्या वर्गात मोठ्या चातुर्याने घेतली गेली. पहिल्या मतदानात सरासरी ५२ टक्के उत्तरे बरोबर होती, चर्चेनंतर ती ६८ टक्के झाली. ही निव्वळ नक्कल असेल, अशी शंका कोणीही घेईल. म्हणून बरोबर उत्तर जाहीर न करताच त्याच तत्त्वावरचा दुसरा प्रश्न विचारण्यात आला आणि तो ज्याने-त्याने एकट्याने सोडवायचा होता. त्यात प्रमाण घसरावयाचे, ते ७३ टक्क्यांवर गेले! ज्या गटांत मुळात कोणासच उत्तर ठाऊक नसावे, तेथेही चर्चेने आकलन वाढले, असा निष्कर्ष संशोधकांनी २००९ साली आकडेवारीवरून काढला. आपले म्हणणे दुसऱ्यापुढे मांडताना त्यातील भोक स्वतःलाच दिसते, हा अनुभव तर प्रत्येक वकिलास असतो.

शिक्षकास यामुळे फुरसत मिळते, असे मानणाऱ्यांनी एकदा असा प्रश्न रचून पाहावा. तीस टक्क्यांहून कमी उत्तरे बरोबर आली तर विषय पुन्हा समजावणे प्राप्त होते; सत्तरांवर गेली तर चर्चेत हशील नाही. प्रश्न या दोहोंच्या मधे पडावा लागतो, आणि त्यासाठी चुकीचे पर्यायही विद्यार्थ्यास खरेच पटतील असे शोधावे लागतात.