ई-ऑटोची बॅटरी तपासताना: इंपिडन्स चाचणीच्या कोणत्या सेटिंग्ज पाहाव्यात?

ही माहिती कोणासाठी?
पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. या योजनेतून अनुदान घेऊन तुम्ही ई-ऑटो किंवा ई-रिक्षा घेतली असेल आणि ती बेंगळुरूत चालवत असाल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. फ्लायओव्हरच्या चढावर गाडी पूर्वीसारखी ओढत नसेल, तर सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीचा इंपिडन्स मोजतात. वॉरंटीतून बॅटरी बदलून मिळण्याच्या निर्णयात हा आकडा पुढे येऊ शकतो.

इंपिडन्स म्हणजे काय?
बॅटरीतून करंट बाहेर पडताना आतच जो अडथळा होतो, तो इंपिडन्स. तो मिलिओहममध्ये मोजतात. समजा, चढावर गाडी १०० अँपिअर करंट घेते. अडथळा २० मिलिओहम असेल तर २ व्होल्ट आतच खर्च होतात. तो ४० मिलिओहम झाला तर ४ व्होल्ट जातात. बॅटरी जुनी होते तसा हा अडथळा वाढतो.

मात्र चाचणीची पद्धत बदलली तरी आकडा बदलतो. म्हणून दोन चाचण्यांची तुलना सेटिंग्ज सारख्या असतील तरच करावी.

कोणत्या सेटिंग्ज पाहाव्यात?

• चार्ज: दोन्ही वेळा सारखाच ठेवा. साधारण ५० टक्के सोयीचा. बॅटरी जवळजवळ रिकामी असताना आकडा वाढलेला दिसतो.

• विश्रांती: गाडी चालवल्यावर किंवा चार्जिंगनंतर बॅटरी किमान एक तास तशीच राहू द्या. चाचणीच्या वेळी चार्जर काढलेला आणि गाडी बंद असावी.

• तापमान: २५ अंश सेल्सिअसच्या आसपास योग्य. थंड बॅटरीचा अडथळा जास्त येतो. बेंगळुरूतील डिसेंबरची पहाट आणि एप्रिलची दुपार यांचे आकडे शेजारी ठेवू नका.

• फ्रिक्वेन्सी: हातातले मीटर बहुतेक १,००० हर्ट्झवर मोजते. चाचणी काही सेकंदांत होते, पण त्यात मुख्यतः जोडण्या आणि इलेक्ट्रोलाइटचा अडथळा दिसतो. सेलच्या आतील रासायनिक झीज पाहायला कमी फ्रिक्वेन्सी लागते. तिथे वेळ जातो: ०.०१ हर्ट्झवर एकच फेरी १०० सेकंदांची असते.

• पद्धत: काही ठिकाणी क्षणभर मोठा करंट घेऊन व्होल्टेज किती पडले ते पाहतात. हा आकडा १,००० हर्ट्झच्या आकड्यापेक्षा सहसा मोठा येतो. तेवढ्यावरून बॅटरी खराब झाली असे समजू नका.

• सिग्नल: तो लहान असावा, एका सेलला साधारण १० मिलिव्होल्ट. फार मोठा सिग्नल बॅटरीची स्थितीच बदलतो आणि फार लहान सिग्नल गोंगाटात हरवतो.

• जोडणी: चार तारांची असावी. दोन तारांच्या जोडणीत तारांचा आणि चिमट्यांचा अडथळाही मोजला जातो.

लक्षात ठेवा
इंपिडन्स वाढला म्हणजे क्षमता नेमकी किती उरली, हे कळत नाही. त्यासाठी पूर्ण चार्ज करून पूर्ण डिस्चार्ज करण्याची वेगळी चाचणी लागते. वॉरंटी कार्डात क्षमतेची अट असेल तर ती चाचणी मागा.

तुम्ही काय करावे?

१. गाडी नवी असतानाच पहिली चाचणी करून घ्या. पुढची प्रत्येक तुलना तिच्याशीच होईल.
२. अहवालावर तारीख, चार्ज, तापमान, विश्रांतीचा वेळ, फ्रिक्वेन्सी आणि मीटरचे मॉडेल लिहून घ्या. नुसता आकडा घेऊन परत येऊ नका.
३. अहवाल खरेदी बिल आणि वॉरंटी कार्डासोबत जपून ठेवा.
४. बॅटरीचा डबा स्वतः उघडू नका. त्यात शॉक आणि आगीचा धोका आहे, शिवाय वॉरंटीही जाऊ शकते.

दावा नाकारला तर?
नाकारल्याचे कारण लेखी मागा. दोन चाचण्यांच्या सेटिंग्ज वेगळ्या असतील तर पहिल्या चाचणीच्याच सेटिंग्जवर पुन्हा मोजायला सांगा. तरीही तोडगा निघाला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या ठिकाणच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येते. गाडी दुसऱ्या राज्यात घेतली असली तरी बेंगळुरूत तक्रार करता येईल.