गुलामगिरीचा अभ्यास, तोही हिंगणघाटातून?

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामगिरीवर संशोधन करायचं तर वर्ध्यात बसून काय करणार, असं तुम्हालाही कुणीतरी विचारेलच. उत्तर कापसात आहे. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात गुलामांच्या श्रमावर पिकणारा तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसाकडे वळली. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला १८६२ मध्ये; १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. आता लगेच ‘युद्धामुळे रेल्वे आली’ असं लिहू नका! त्या मार्गाची आखणी युद्धाआधीची आहे. (माझ्याही पहिल्या आराखड्यात हीच चूक होती.) त्यापेक्षा प्रश्न लहान करा: एका तालुक्यात ज्वारीच्या जागी कापूस किती आला, कर्ज कुणी दिलं? त्यासाठी आधी जुने सेटलमेंट रिपोर्ट वाचा, मग शिवार पायी फिरा.