गणित-विज्ञानाचा ऑनलाइन अभ्यास : पारख घरच्याच तराजूवर

व्यापारी माणूस कोणताही माल पारखल्याशिवाय घेत नाही. तांदूळ तळहातावर घेऊन पाहतो, कापड बोटांत चुरगाळून पाहतो, सोने कसोटीवर घासतो. तोच माणूस मुलाच्या अभ्यासासाठी एखादे ॲप घेताना मात्र जाहिरातीतल्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहून हजारो रुपये मोजतो आणि आपण कर्तव्य पार पाडले असे मानतो.

यामागील अडचण खरी आहे. वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यातील आपल्या अनेक घरांत कर्ता पुरुष सकाळची लोकल पकडून मुंबईच्या पेढीवर जातो; ज्यांचे दुकान येथेच आहे त्यांचेही शटर रात्री उशिरा खाली येते. तो घरी पोहोचतो तेव्हा मुलांचा अभ्यास आटोपलेला असतो, निदान आटोपला असे सांगितले जाते. आठवीच्या पुढचे गणित आणि विज्ञान शिकवणे सर्वच माता-पित्यांना जमते असेही नाही. मग मुलाच्या हाती मोबाइल जातो. त्यावर उत्तम साहित्यही आहे आणि निरुपयोगी साहित्यही आहे. दोन्हींची पेटी बाहेरून सारखीच दिसते. तेव्हा पारख करायची ती कोणत्या मापाने, हा प्रश्न उरतो.

आपल्याकडचे माप

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्याय हे अंतरंग तप सांगितले आहे आणि त्याचे पाच प्रकार दिले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. श्वेतांबर आगमांत आम्नायाला परिवर्तना आणि धर्मोपदेशाला धर्मकथा म्हणतात, क्रमही थोडा निराळा आहे, आशय एकच. वाचावे, शंका विचारावी, मनन करावे, पुनःपुन्हा घोकावे आणि शेवटी दुसऱ्याला समजावून सांगावे. लौकिक शिक्षणाला स्वाध्यायाच्या आसनावर बसवण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्ञान मनुष्याच्या अंगी कसे मुरते, याचे इतके नेमके विवरण क्वचितच आढळते. बीजगणितालाही ते लागू पडते.

गणित आपल्या परंपरेला परके नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात अपूर्णांक आहेत, व्याजाचे हिशेब आहेत, निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र केल्यास मिश्रणाचा कस किती, अशीही उदाहरणे आहेत. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हे त्यांनी तेव्हाच नमूद केले होते. प्रा. रंगाचार्य यांनी केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद 1912 साली मद्रासला प्रसिद्ध झाला. हिंदी अनुवाद 1963 मध्ये आपल्या सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने काढला. मद्रासची ती प्रत आज ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येते. सांगायचे तात्पर्य, मौल्यवान वस्तू महागच असली पाहिजे हा व्यापारातला अनुभव इंटरनेटवरील विद्येला लागू होत नाही. तेथील सर्वोत्तम साहित्यापैकी पुष्कळसे फुकट आहे.

वाचना : प्रथम पाठ्यपुस्तक

शोधाचा प्रारंभ शाळेच्याच पुस्तकापासून करावा. 1967 साली पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके ‘ई-बालभारती’ या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. येथे एक सोय फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. हीच पुस्तके मराठी, इंग्रजी, हिंदी, गुजराती अशा अनेक माध्यमांत उपलब्ध आहेत. आपल्या घरांत आजोबा मराठी किंवा गुजराती माध्यमात शिकलेले आणि नातू इंग्रजी माध्यमात, हे चित्र सर्रास दिसते. दोन्ही भाषांतील तेच पुस्तक शेजारी-शेजारी उघडले की आजोबांना नातवाचे गणित समजते आणि ‘क्वाड्रॅटिक इक्वेशन’ म्हणजे आपलेच वर्गसमीकरण, हा उलगडाही होतो. विज्ञानातील संज्ञा अडल्यास मराठी विश्वकोश इंटरनेटवर हाताशी आहेच.

सीबीएसईच्या शाळांसाठी एनसीईआरटीची पुस्तके याच रीतीने मिळतात. पाठ्यपुस्तकावरील चौकटीदार क्यूआर कोड केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ ॲपने टिपला की त्या पाठाचे दृक्‌श्राव्य साहित्य उघडते. 2017 पासून ही सोय आहे. कित्येक घरांत तो कोड एकदाही टिपला गेलेला नसतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. राज्य मंडळात सध्या दहावीच्या गणिताची दोन पुस्तके आहेत, बीजगणिताचे एक आणि भूमितीचे एक. एनसीईआरटीची रचना निराळी आहे. म्हणून ‘दहावीचे गणित’ एवढेच लिहून शोधू नये. मंडळाचे नाव, इयत्ता आणि प्रकरण, तिन्ही लिहावे. अन्यथा मूल तासभर असा पाठ पाहत बसते, जो त्याच्या परीक्षेत नाहीच.

आम्नाय : सरावाची जागा

चित्रफीत पाहून ‘समजले’ असे वाटणे आणि उदाहरण सोडवता येणे यांत मोठे अंतर आहे. पोहणे पाहून पोहता येत नाही. यासाठी ‘खान अकॅडमी’ हे संकेतस्थळ उपयोगी पडते. सलमान खान (हे अभिनेते नव्हेत) या अमेरिकेतील गृहस्थांनी 2004 साली नात्यातील एका मुलीला दुरून गणित शिकवण्यास सुरुवात केली. त्यातून 2008 मध्ये ही विनानफा संस्था उभी राहिली. एनसीईआरटीच्या अभ्यासक्रमाप्रमाणे लावलेले वर्ग तेथे आहेत आणि हिंदी पाठही आहेत. त्याचे खरे बळ चित्रफितींत नसून सरावात आहे. उत्तर चुकले तर पायरी-पायरीने सूचना मिळते आणि त्याच जातीचे नवे उदाहरण समोर येते.

आठवीतल्या मुलाचे बीजगणित अडत असेल, तर दोष बहुधा बीजगणितात नसतो. पाचवी-सहावीतले अपूर्णांक कच्चे राहिलेले असतात. खातेवही जुळत नसेल तर आपण शेवटच्या पानाची बेरीज पुनःपुन्हा करत बसत नाही. मागची शिल्लक तपासतो. येथेही तसेच मागे जावे. सहावीचा सराव उघडून द्यावा. मुलाला लाज वाटू नये, एवढे पाहावे. संगणकासमोर लाजण्याचे कारणही नसते.

हुशार मुलांसाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे पाहावे. 1974 पासून कार्यरत असलेली टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही शाखा गणित-विज्ञानाच्या ऑलिंपियाडचे राष्ट्रीय केंद्र आहे आणि मागील प्रश्नपत्रिका तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत.

अनुप्रेक्षा : पाहून, करून, विचार करून

विज्ञान पाठ करून येत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी 2002 साली ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात पडद्यावरच तारा जोडून विद्युत मंडल बनवता येते, दिवा लावता येतो, अपूर्णांकांचे तुकडे जोडता येतात. अनेक प्रयोग मराठीतही आहेत. भूमितीसाठी ‘जिओजेब्रा’ घ्यावे. त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढला तरी तिन्ही कोनांची बेरीज 180 अंशच राहते, हे मूल स्वतः पाहते.

आपल्या महाराष्ट्राचे याहूनही मोठे धन म्हणजे अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेल्या या गृहस्थांनी पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केले. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, रिकामी बाटली अशा टाकाऊ वस्तूंतून त्यांनी विज्ञानाची खेळणी घडवली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या छोट्या चित्रफिती आणि शेकडो पुस्तके, मराठीसुद्धा, मोफत आहेत. खर्च नाही आणि संग्रहही नाही. अपरिग्रह मानणाऱ्या घराला याहून शोभणारी प्रयोगशाळा कोणती?

मननासाठी तर आपले दुकानच पुरे आहे. 2018 साली आलेल्या दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आहे. त्यात वस्तू व सेवा कर, शेअर आणि म्युच्युअल फंड आहेत. समजा, दुकानदाराने 1,00,000 रुपयांचा माल घेतला आणि 18 टक्के दराने 18,000 रुपये कर दिला. तो माल 1,20,000 रुपयांना विकून ग्राहकाकडून 21,600 रुपये कर घेतला. शासनाकडे भरायचे 3,600. त्यांतील केंद्राचे 1,800 आणि राज्याचे 1,800. आता मुलाला विचारावे : हे 3,600 रुपये 18 टक्के कशाचे? उत्तर येते 20,000, म्हणजे दुकानदाराने वाढवलेल्या किमतीचे. संपूर्ण कररचनेचे मर्म त्या एका उत्तरात आहे. हे शिकवण्यास ॲप लागत नाही. रविवारी वीस मिनिटे आणि एक खरे बिल लागते.

पृच्छना : प्रश्न कोणाला विचारावा?

अलीकडे मुले कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपला प्रश्न विचारतात. ते मनाई करून थांबणार नाही. शिस्त मात्र लावता येते. ‘उत्तर काय?’ असे विचारू नये. आधी स्वतः वहीत उदाहरण सोडवावे आणि मग ‘माझी कोणती पायरी चुकली?’ असे विचारावे. हे यंत्र चुकीचे उत्तरही मोठ्या आत्मविश्वासाने देते, म्हणून पाठ्यपुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तराशी ते ताडून पाहावे. शंका तरीही उरली तर शाळेतील शिक्षकांना विचारावी. मुलाच्या कपाळावरची आठी पाहून समजावण्याची पद्धत बदलणे, हे काम अजून त्यांचेच आहे.

पैशाचा प्रश्न

आयुष्य बँकेत गेल्यामुळे या मुद्द्यावर थोडे अधिक लिहितो. सशुल्क अभ्यासक्रम सारेच वाईट नसतात. परंतु ‘सुलभ मासिक हप्ता’ या गोड शब्दांमागे बहुधा एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते आणि ते पालकाच्या नावावर चढते. शिकवणी देणारी कंपनी वेगळी आणि कर्ज देणारी संस्था वेगळी. शिकवणी बंद पडली म्हणून हप्ता आपोआप बंद पडत नाही. हप्ता चुकला तर पतअहवालावर डाग पडतो आणि उद्या दुकानासाठी कॅश क्रेडिट मागताना तो डाग समोर येतो. बायजूज या देशातील अग्रगण्य कंपनीवर जुलै 2024 मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. नाव मोठे म्हणून सेवा टिकेलच असे नाही, एवढा धडा त्यातून पुरेसा आहे.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्येच पालकांना सावध केले होते : मोफत सेवेच्या आमिषाला भुलून खात्यातून परस्पर रक्कम वळती करण्याची संमती देऊ नये, अटी वाचाव्यात, खरेदीचे कर-बिल मागावे, यशोगाथांच्या जाहिरातींवर विसंबू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्ज देताना एकूण वार्षिक खर्चाचा दर सांगणारे तथ्यपत्रक देणे बंधनकारक आहे. शिवाय ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून, दंडाविना कर्जातून बाहेर पडता येते. विक्रेता घरी येऊन आधार क्रमांक आणि ओटीपी मागू लागला, तर प्रथम ते तथ्यपत्रक मागावे. व्यापाऱ्याच्या घरात न वाचलेल्या कागदावर सही होऊ नये. ओटीपी ही आजची सहीच आहे.

धर्मोपदेश : शेवटची कसोटी

कोणतेही साधन उपयुक्त ठरले की नाही, हे ओळखण्याची एकच खात्रीची रीत आहे. आठ दिवस एकच साधन, एकच प्रकरण घ्यावे. त्यानंतर मोबाइल बाजूला ठेवून मुलाला कोऱ्या कागदावर ते प्रकरण धाकट्या भावंडाला किंवा आजीला समजावून सांगायला लावावे. सांगता आले तर साधन चांगले. सांगता आले नाही, तर त्याचे नाव कितीही मोठे असो, ते काढून टाकावे. दहा ॲप ठेवण्यापेक्षा दोन ठेवावीत आणि ती वापरावीत.

आपल्या बहुतेक संघांत रविवारची पाठशाळा भरते. ती सुटल्यावर त्याच सभागृहात तासभर नववी-दहावीच्या मुलांनी सहावी-सातवीच्या मुलांना गणित समजावून द्यावे. एखादा संगणक आणि फळा पुरे. ज्या घरी मुलांचे पाहायला कोणी मोकळे नाही, त्या घरच्या मुलालाही विचारायला एक मोठा भाऊ किंवा मोठी बहीण मिळेल. आणि शिकवणाऱ्याचा स्वतःचा अभ्यास पक्का होईल, तो लाभ वेगळाच. वसई-विरारमधील कोणा संघाने येत्या चातुर्मासात हा प्रयोग करावा, ही विनंती.